फौजी म्हणतो ‘गोळी घेतली’, रक्त काय सांगतं?

२००३ साली पश्चिम आफ्रिकेतल्या लायबेरिया देशात यादवी पेटली होती. तेव्हा अमेरिकेचे मरीन सैनिक थोड्या दिवसांसाठी तिथे उतरले. तिथला हिवताप, म्हणजे मलेरिया, फार जहरी. म्हणून सैनिकांना दर आठवड्याला एक मेफ्लोक्विनची गोळी घ्यायला सांगितलं होतं. तरीही ४४ जणांना हिवतापामुळे तिथून बाहेर काढावं लागलं. काहींचा आजार तपासणीत पक्का ठरला, काहींचा लक्षणांवरून.

मग चौकशी झाली. गोळ्या बनावट होत्या का? तपासल्या, तर चांगल्या निघाल्या. जंतू त्या औषधाला दाद देत नव्हते का? तसंही काही आढळलं नाही. आजारी सैनिकांना विचारलं, तेव्हा २३ जण म्हणाले, आम्ही गोळी नियमित घेतली. रक्त तपासलं, तर आजारापासून वाचवेल इतकं औषध फक्त ४ जणांच्या अंगात होतं. डास पळवणारं मलम १९ जणांनी लावलं होतं. मच्छरदाणी एकानेही वापरली नव्हती.

तेवीस आणि चार. हे सगळे खोटारडे होते असं मला वाटत नाही. एखादा आठवडा चुकला, दोन चुकले, तरी माणूस मनापासून सांगतो की मी गोळी घेतो. दवाखान्यात ‘गोळ्या वेळेवर घेता ना?’ या प्रश्नाला आपणही मान डोलावतोच की.

अमेरिकेच्या फौजेची ही गोष्ट आपल्या आरोग्य पानावर कशासाठी, असं कुणी विचारील. आपल्या वस्त्यांमधून मुलं फौजेत जातात. भारतीय सैन्याच्या तुकड्या संयुक्त राष्ट्रांच्या शांतिसेनेत काँगो आणि दक्षिण सुदानला जातात, आणि दोन्ही देशांत हिवताप भरपूर आहे. त्यातली निम्मी काळजी मुलगा घरी परतल्यावरची आहे, आणि ती घरच्यांनीच घ्यायची असते.

ही गोळी म्हणजे लस नव्हे. एकदा घेतली आणि काम झालं, असं तिचं नाही. डास चावला की जंतू आधी यकृतात, म्हणजे लिव्हरमध्ये जातात. तिथे आठवडा-दोन आठवडे वाढतात आणि मग रक्तात उतरतात. मेफ्लोक्विन किंवा डॉक्सिसायक्लिन त्यांना रक्तात गाठतं. म्हणून रक्तात औषध कायम असावं लागतं. मेफ्लोक्विन आठवड्यातून एकदा घेतात, डॉक्सिसायक्लिन रोज. निघायच्या आदल्या रात्री डास चावला असेल, तर ते जंतू यकृतात बसून माणसाबरोबर गावी येतात. म्हणून या दोन्ही गोळ्या परतल्यावरही चार आठवडे घ्यायच्या असतात. दुसरं एक जोड औषध यकृतातही काम करतं, ते परतल्यावर सात दिवस पुरतं. कुणाला कोणतं द्यायचं ते पलटणीचे डॉक्टर ठरवतात.

घरी आल्यावर गोळी सुटते ती इथेच. रजा लागली, मित्र भेटले, अंगात ताप नाही, मग गोळी कशाला?

२००२ च्या उन्हाळ्यात अमेरिकेचे ७२५ रेंजर सैनिक अफगाणिस्तानात होते. त्यांतल्या ३८ जणांना पुढे व्हायवॅक्स जातीचा हिवताप झाला. निम्म्या रुग्णांचं निदान परतल्यावर २३३ दिवसांनी किंवा त्याहून उशिरा झालं. साडेसात महिने! व्हायवॅक्सचे काही जंतू यकृतात झोपून राहतात आणि महिन्यांनी जागे होतात. आठवड्याची गोळी त्यांच्यापर्यंत पोचत नाही. त्यासाठी परतल्यावर प्रायमाक्विन घ्यावं लागतं. या सैनिकांपैकी तिथे असताना आठवड्याची गोळी नीट घेतली असं सांगणारे ५२ टक्के, परतल्यावरची गोळी घेतली म्हणणारे ४१ टक्के, आणि दोन्ही घेतल्या म्हणणारे फक्त ३१ टक्के. हेही त्यांच्या तोंडचे आकडे आहेत, रक्तातले नव्हेत.

गोळी टाळणाऱ्याला आळशी म्हणून मोकळं होणं सोपं आहे. पण रात्रपाळीचा पहारा आणि सतत बदलणारा मुक्काम यांत आज कोणता वार हेच लक्षात राहत नाही, मग आठवड्याची गोळी कशी राहील? डॉक्सिसायक्लिनने काहींचं पोट बिघडतं, उन्हाने कातडी भाजते. मेफ्लोक्विनबद्दलची भीती तर खरीच आहे. काहींना त्याने भयानक स्वप्नं पडतात, चक्कर येते, मन सैरभैर होतं. २०१३ साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने या औषधावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. २०१६ साली ब्रिटनच्या संसदेच्या संरक्षण समितीने सांगितलं की सैनिकांना हे औषध दुसरा उपाय नसेल तरच द्यावं. ज्याला त्रास झाला त्याने तो पलटणीच्या डॉक्टरला सांगावा आणि गोळी बदलून घ्यावी. गुपचूप टाकून दिली, तर डॉक्टरला वाटतं की हा सुरक्षित आहे.

फौजेने यावर एकदा जालीम उपाय केला होता. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या आघाडीवर १९४३ साली एका जखमी सैनिकामागे १२० आजारी सैनिक मागे पाठवावे लागत होते. जपानने जावा बेट घेतल्याने कोयनेल मिळेना. तेव्हा मेपाक्रिनची गोळी आली. तिने कातडी पिवळी पडायची, आणि पुरुषपण जातं अशी अफवाही पसरली. सैनिक ती टाळू लागले. जनरल स्लिम यांनी अख्ख्या पलटणींची अचानक तपासणी सुरू केली. शंभरातल्या ९५ जणांच्या अंगात औषध सापडलं नाही, तर तिथल्या मुख्य अधिकाऱ्याला घरी पाठवायचं. तीन अधिकारी गेले, मग बाकीच्यांना समजलं. शिक्षा शिपायाला नव्हे, साहेबाला, हे मला त्यातलं शहाणपण वाटतं. १९४१ साली बेळगावला उभ्या राहिलेल्या महार रेजिमेंटची दुसरी बटालियनही ब्रह्मदेशच्या मोहिमेत होती. म्हणजे आपल्या काही आजोबा-पणजोबांनीही ती पिवळी गोळी गिळली असणार.

रजेवर आलेल्या मुलामागे मात्र साहेब नसतो. तिथे आई, बायको, भाऊ यांनी लक्ष घालावं. ‘घेतलीस का?’ एवढं विचारून थांबू नका. पाकीट मागा आणि गोळ्या मोजा. जेवणाच्या ताटाबरोबर गोळी ठेवा. प्रायमाक्विन दिलं असेल, तर त्याआधी जी-सिक्स-पीडीची रक्ततपासणी झाली होती का ते विचारा. गोळी सुरू असताना लघवी काळपट झाली, तर ती थांबवून लगेच डॉक्टरकडे जा. आणि त्याच्या उरलेल्या गोळ्या घरातल्या दुसऱ्या कुणाला देऊ नका, गरोदर बाईला तर मुळीच नाही. आपल्या वस्तीत राहणाऱ्यांनी अशा प्रतिबंधक गोळ्या स्वतःच्या मनाने घ्यायच्या नसतात. आपल्यासाठी मच्छरदाणी, झाकलेला पाण्याचा पिंप आणि ताप आला की रक्ततपासणी.

गोळ्या पूर्ण केल्या तरी परतल्यानंतर वर्षभर कोणताही ताप साधा समजू नका. आफ्रिकेतला फाल्सिपेरम हिवताप थोड्याच दिवसांत मेंदू आणि मूत्रपिंडावर जातो. दवाखान्यात पोचल्यावर सगळ्यांत आधी सांगा की हा काँगोहून आलाय, किंवा सुदानहून, अमुक महिन्यात. डॉक्टरने विचारण्याची वाट पाहू नका. रक्त त्याच दिवशी तपासून घ्या. पहिली तपासणी निर्दोष आली आणि ताप तसाच राहिला, तर बारा ते चोवीस तासांनी पुन्हा रक्त द्यायला जा.