वऱ्हाडातील क्लासिक मोटारींची घरगुती देखभाल

क्लासिक मोटारींची घरगुती देखभाल म्हणजे उत्पादन थांबलेल्या जुन्या मोटारींची नियमित निगा व किरकोळ दुरुस्ती मालकाने स्वतः, घरच्या साधनांनी करणे होय. महाराष्ट्रात या मोटारींमध्ये प्रामुख्याने प्रीमियर पद्मिनी व तिची पूर्वरूपे असलेल्या फियाट ११०० मालिकेतील गाड्या, हिंदुस्थान अँबॅसिडर आणि जुन्या जीप यांचा समावेश होतो. वऱ्हाडात, विशेषतः अमरावती व अकोला जिल्ह्यांत, या देखभालीवर तेथील कडक उन्हाळा, काळी माती आणि खारपाणपट्ट्यातील क्षारयुक्त पाणी या तीन गोष्टींचा ठळक प्रभाव पडतो. अलीकडच्या काळात पेट्रोलमधील एथेनॉलचे वाढते प्रमाण हा चौथा घटक त्यात जोडला गेला आहे.

पार्श्वभूमी

वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्स या कंपनीच्या मुंबईतील कुर्ला येथील कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या परवान्याने मोटारी तयार होत. त्यातील फियाट ११०० हे वाहन १९७० च्या दशकात 'प्रीमियर पद्मिनी' या नावाने विकले जाऊ लागले. तिचे उत्पादन एकविसाव्या शतकाच्या प्रारंभी थांबले. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सींमधील शेवटची पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती. टॅक्सींसाठी असलेली २० वर्षांची वयोमर्यादा संपल्याने ऑक्टोबर २०२३ अखेर तीही सेवेतून निवृत्त झाली. पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अँबॅसिडरचे उत्पादन २०१४ मध्ये बंद झाले.

या गाड्यांची यंत्रणा साधी व उघडी असते. पद्मिनीचे १,०८९ घन सें.मी. क्षमतेचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि यांत्रिक इंधनपंप हे सर्व भाग बॉनेट उघडताच हाताशी येतात. त्यात संगणकीय नियंत्रण नसल्यामुळे दोष शोधण्यासाठी विशेष उपकरण लागत नाही. मात्र २००० सालाच्या सुमारास भारतात प्रदूषणाचे निकष कडक झाल्यानंतर नव्या मोटारींत कार्ब्युरेटरची जागा इंधन-अंतःक्षेपण प्रणालीने घेतली. परिणामी कार्ब्युरेटर व प्लॅटिनम पॉइंट यांचे काम रोजच्या सरावाने करणाऱ्या कारागिरांची पिढी वयस्क होत गेली. त्यामुळे मालकाला यंत्रणेचे मूलभूत ज्ञान असणे ही हौसेची बाब न राहता गाडी चालू ठेवण्याची गरज बनली आहे.

शीतन प्रणाली आणि पाणी

अमरावती व अकोला येथे उन्हाळ्यात कमाल तापमान ४५ अंश सेल्सियसच्या पुढे जाते. अशा हवेत रेडिएटरमधील पाणी व बाहेरील हवा यांच्या तापमानातील फरक घटतो आणि उष्णता बाहेर टाकण्याची क्षमता त्याच प्रमाणात कमी होते. पद्मिनीच्या इंजिनाचा ठोकळा बिडाचा, तर वरचे हेड ॲल्युमिनियमचे असते. इंजिन प्रमाणाबाहेर तापल्यास हेड वाकते, गॅस्केट जळते आणि पाणी तेलात मिसळू लागते. ही दुरुस्ती घरी होण्यासारखी नसल्याने शीतन प्रणालीची निगा हा वऱ्हाडातील देखभालीचा सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

पूर्णा नदीच्या खोऱ्यातील अमरावती, अकोला व बुलढाणा या जिल्ह्यांमध्ये खारपाणपट्टा पसरलेला आहे. तेथील विहिरींचे व कूपनलिकांचे पाणी क्षारयुक्त असते. असे पाणी रेडिएटरमध्ये वापरल्यास दोन प्रकारची हानी होते. पाण्यातील कॅल्शियम व मॅग्नेशियम यांच्या क्षारांचा थर नळ्यांच्या आत साचून प्रवाह अरुंद होतो, तसेच क्लोराइडमुळे ॲल्युमिनियमच्या हेडला आतून गंज चढतो. यासाठी ऊर्ध्वपातित पाणी व गंजरोधक कूलंट यांचे मिश्रण वापरले जाते. कूलंटचे प्रमाण त्याच्या डब्यावरील सूचनेनुसार ठेवतात. एथिलीन ग्लायकॉल असलेले कूलंट विषारी असून चवीला गोड असते. त्यामुळे काढलेले कूलंट उघड्यावर सांडू न देता जनावरे व लहान मुले यांच्यापासून दूर ठेवणे आवश्यक असते.

उन्हाळ्यापूर्वी करावयाच्या तपासणीत पुढील बाबी येतात :

• रबरी होज दाबून पाहणे. फुगलेला, मऊ पडलेला वा तडे गेलेला होज बदलणे.
• फॅन बेल्टचा ताण पाहणे. सैल बेल्टमुळे पाण्याचा पंप व पंखा मंदावतात.
• रेडिएटरच्या जाळीत अडकलेली माती, कापसाचे तंतू व किडे इंजिनाच्या बाजूने पाण्याचा हलका फवारा मारून काढणे.
• रेडिएटरच्या झाकणातील स्प्रिंग व रबर तपासणे. दाबाच्या प्रणालीत झाकण दाब टिकवून धरते व त्यामुळे पाण्याचा उत्कलनबिंदू वाढतो.

उष्ण प्रदेशात थर्मोस्टॅट काढून टाकण्याची प्रथा आढळते. त्यामुळे इंजिन योग्य तापमानाला उशिरा पोहोचते, तेलात ओलावा साचतो आणि भागांची झीज वाढते. थर्मोस्टॅट बिघडला असल्यास तो बदलणे हा अधिक योग्य उपाय मानला जातो. भांड्यात पाणी तापवून, त्यात थर्मोस्टॅट बुडवून तो ठरावीक तापमानाला उघडतो की नाही, हे घरीच तपासता येते. गरम इंजिनावरील रेडिएटरचे झाकण मात्र कधीही उघडले जात नाही. दाब एकाएकी सुटल्याने उकळते पाणी अंगावर उसळते.

इंधन प्रणाली

उन्हाळ्यात जुन्या मोटारींमध्ये वारंवार आढळणारा दोष म्हणजे इंधनातील बाष्परोध. इंजिन बंद केल्यावर पंखा व पाण्याचे अभिसरण थांबते आणि बॉनेटखालचे तापमान काही मिनिटे वाढतच राहते. इंजिनाला लागून असलेल्या पंपातील पेट्रोलची वाफ होते. पंप द्रवाऐवजी वाफ ओढतो आणि गाडी पुन्हा सुरू होत नाही. बॉनेट उघडून थांबणे आणि पंपावर ओले फडके ठेवणे हा त्यावरील परिचित तात्पुरता उपाय आहे. इंधननळी एक्झॉस्टपासून दूर घेणे आणि पंप व इंजिन यांमधील उष्णतारोधक तुकडा शाबूत ठेवणे हे कायमस्वरूपी उपाय होत.

भारतात १ फेब्रुवारी २००० पासून सर्वत्र शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले. २०२२ मध्ये पेट्रोलमधील एथेनॉलचे सरासरी प्रमाण १० टक्क्यांवर पोहोचले आणि २०२३ पासून २० टक्के एथेनॉल असलेल्या इंधनाची विक्री सुरू झाली. एथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. पाण्याचे प्रमाण वाढल्यास एथेनॉल व पाणी पेट्रोलपासून वेगळे होऊन टाकीच्या तळाशी बसतात आणि पत्र्याची टाकी आतून गंजते. जुन्या रबरी नळ्या, पंपाचा पडदा व कार्ब्युरेटरमधील सील एथेनॉलने फुगतात किंवा ठिसूळ होतात. एथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने हवा-इंधन मिश्रण पातळ होते व इंजिन अधिक तापते. शिवाय समान आकारमानात त्याची ऊर्जा पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश असल्याने मायलेजही घटते.

यावर एथेनॉलला टिकणाऱ्या नळ्या बसवणे, इंधन गाळणी वेळोवेळी बदलणे आणि गाडी पावसाळ्यात महिनोन्‌महिने अर्धवट भरलेल्या टाकीसह उभी न ठेवणे हे उपाय केले जातात. कार्ब्युरेटरचे जेट बदलून मिश्रण सुधारता येते. परंतु ते काम अनुभवी कारागिराच्या देखरेखीखाली करणे इष्ट असते. झिजलेली नळी हे गळतीचे व आगीचे कारण ठरू शकते.

प्रज्वलन प्रणाली

गाडी सुरू न होण्याची बरीच कारणे प्रज्वलन प्रणालीत सापडतात. स्पार्क प्लगच्या टोकाचा रंग इंजिनाच्या स्थितीविषयी माहिती देतो : फिकट तपकिरी रंग योग्य ज्वलन दर्शवतो, काळी कोरडी काजळी मिश्रणात पेट्रोल जास्त असल्याचे, तर पांढरट टोक मिश्रण पातळ असल्याचे किंवा इंजिन तापत असल्याचे सुचवते. डिस्ट्रिब्युटरमधील पॉइंटचे अंतर फीलर गेजने मोजतात. ते साधारणतः ०.४ मि.मी.च्या आसपास असते. अचूक माप त्या-त्या गाडीच्या पुस्तिकेत दिलेले असते. पॉइंट वारंवार जळत असल्यास कंडेन्सर तपासला जातो.

प्रज्वलनाची वेळ घरी एका लहान बल्बच्या साहाय्याने जुळवता येते. बल्बची एक तार डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटकडील जोडणीला व दुसरी गाडीच्या धातूच्या भागाला जोडून, इग्निशन चालू ठेवून इंजिन हाताने सावकाश फिरवतात. पॉइंट उघडताच बल्ब लागतो. त्या क्षणी पुलीवरील खूण ठरलेल्या ठिकाणी असली पाहिजे.

बॅटरीत केवळ ऊर्ध्वपातित पाणी घालतात. खारपाणपट्ट्यातील साधे पाणी घातल्यास त्यातील क्षारांमुळे बॅटरीच्या प्लेटा लवकर निकामी होतात. काही जुन्या ब्रिटिश बनावटीच्या गाड्यांत बॅटरीचे धन टोक गाडीच्या सांगाड्याला जोडलेले असते. म्हणून बॅटरी बदलताना जोडणीची दिशा आधी पाहून घ्यावी लागते.

ब्रेक

पद्मिनीच्या चारही चाकांना ड्रम ब्रेक असतात. अनेक जुन्या गाड्यांत ब्रेकच्या द्रवाचे एकच मंडल असल्याने एका चाकाच्या सिलिंडरमधील गळतीने सर्व ब्रेक निकामी होऊ शकतात. परतवाड्याहून चिखलदऱ्याच्या घाटात जाताना चढावर शीतन प्रणालीची, तर उतरताना ब्रेकची कसोटी लागते. सतत दाबून धरलेले ड्रम तापतात व त्यांची पकड कमी होते; म्हणून उतारावर खालच्या गिअरचा उपयोग केला जातो.

ब्रेकचा द्रव हवेतील ओलावा शोषतो व त्याचा उत्कलनबिंदू खाली येतो. त्यामुळे तो साधारणपणे दर दोन वर्षांनी बदलला जातो. त्याऐवजी इंजिन ऑइल किंवा अन्य खनिज तेल घातल्यास रबरी सील फुगून निकामी होतात. जुन्या ब्रेक अस्तरांत ॲस्बेस्टॉस असण्याची शक्यता असते. त्याचे तंतू श्वासावाटे फुप्फुसात गेल्यास गंभीर आजार होतात. ड्रममधील धूळ हवेच्या झोताने न उडवता ओल्या फडक्याने पुसून फडके बंद पिशवीत टाकणे सुरक्षित असते.

माती, धूळ आणि गंज

वऱ्हाडातील काळी माती पावसाळ्यात चिकट बनते आणि चाकांच्या कमानी, दारांखालील पोकळ पट्ट्या व सांगाड्याचे कोपरे यांत साचते. ती पाणी दीर्घकाळ धरून ठेवत असल्याने बाहेरून कोरड्या दिसणाऱ्या गाडीचा पत्रा आतून कुजत राहतो. पद्मिनीसारख्या स्वतंत्र चॅसी नसलेल्या गाडीत या पट्ट्या सांगाड्याचाच भार वाहतात. त्यामुळे तेथील गंज हा दिसण्यापुरता दोष न राहता गाडीच्या मजबुतीचा प्रश्न ठरतो. पावसाळ्यानंतर खालचा भाग धुणे, पाणी निचरा होण्याची छिद्रे मोकळी करणे आणि गंजरोधक लेप देणे ही कामे घरी करता येतात. भार वाहणाऱ्या भागाचे वेल्डिंग कार्यशाळेतच केले जाते.

उन्हाळ्यातील बारीक धूळ हवा गाळणीतून आत गेल्यास सिलिंडर व रिंगांची झीज होते. ग्रीस निपल असलेल्या सांध्यांमध्ये ग्रीस गनने नवे ग्रीस भरताना जुने, धूळ मिसळलेले ग्रीस बाहेर ढकलले जाते. पुस्तिकेतील अंतरापेक्षा धुळीच्या रस्त्यांवर हे काम लवकर करावे लागते.

साधने आणि सुरक्षितता

पद्मिनीचे नट-बोल्ट मिलिमीटर मापाचे असतात, तर अँबॅसिडर व जुन्या जीपसाठी इंची मापाचे पाने लागतात. चुकीच्या मापाच्या पान्याने नटाचे कोपरे झिजतात व साधे काम अवघड होते. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे प्राणघातक ठरू शकते. सपाट, पक्क्या जमिनीवर गाडी उभी करून चाकांना अटकाव लावणे आणि आधाराचे स्टँड वापरणे आवश्यक असते. उन्हाने भेगाळलेल्या किंवा पावसाने मऊ झालेल्या काळ्या मातीत जॅक खचतो. इंधनाचे काम मोकळ्या हवेत, बॅटरीची तार काढून आणि अग्निशामक जवळ ठेवून केले जाते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन कायदा, १९८८ नुसार खासगी मोटारीची नोंदणी १५ वर्षे वैध असते. त्यानंतर तपासणी करून दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावे लागते. अमरावतीचा नोंदणी संकेत एमएच-२७ व अकोल्याचा एमएच-३० आहे. याच कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील बदलतील असे फेरफार करण्यावर निर्बंध आहेत.

केंद्र शासनाने जुलै २०२१ मध्ये ५० वर्षांहून अधिक जुन्या दुचाकी व चारचाकी वाहनांसाठी 'व्हिंटेज' नोंदणीचे स्वतंत्र नियम लागू केले. अशा वाहनाच्या चॅसी, बाह्य सांगाडा व इंजिन यांत मोठे फेरफार झालेले नसावेत, अशी अट आहे. नव्या नोंदणीचे शुल्क २०,००० रुपये असून ती १० वर्षे वैध राहते. नोंदणी क्रमांकात राज्याच्या संकेतानंतर 'व्हीए' ही अक्षरे येतात. हे वाहन प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांसाठी रस्त्यावर आणता येते. नियमित वा व्यावसायिक वापरास परवानगी नसते. त्यामुळे पन्नाशीकडे झुकलेल्या गाडीचे मूळ इंजिन काढून दुसरे बसवणे हा सोयीचा उपाय पुढे या नोंदणीच्या आड येऊ शकतो. काढलेले मूळ भाग जपून ठेवणे व केलेल्या कामांची तारीखवार नोंद ठेवणे त्यासाठी उपयुक्त असते.

घरगुती दुरुस्तीच्या मर्यादा

तेल, गाळण्या, प्लग, पॉइंट, बेल्ट व होज बदलणे, ग्रीसिंग करणे आणि गंज रोखणे ही कामे सामान्यतः घरी करता येतात. ब्रेकचे सिलिंडर, स्टिअरिंगचे सांधे, हेड सपाट करणे आणि सांगाड्याचे वेल्डिंग या कामांसाठी प्रशिक्षित कारागीर आवश्यक असतो. अशी कामे सुरू असताना मालकाने स्वतः उपस्थित राहून ती समजून घेणे व लिहून ठेवणे हाही देखभालीचाच भाग मानला जातो. कार्ब्युरेटर जाणणाऱ्या कारागिरांचे बरेचसे ज्ञान लिखित स्वरूपात नसून हाताच्या सवयीत आहे, आणि ते जपण्याचा दुसरा मार्ग फारसा उपलब्ध नाही.

हे सुद्धा पहा

• प्रीमियर पद्मिनी
• हिंदुस्थान अँबॅसिडर
• वालचंद हिराचंद
• खारपाणपट्टा
• वऱ्हाड