खातेदार गेल्यावर बँकेतील पैसे कोणाला?



उसाचे बिल खात्यात जमा होते आणि खातेदारच देवाघरी जातो. मग कोणीतरी सांगतो, "मृत्युपत्राचे प्रोबेट आणा." प्रोबेट म्हणजे मृत्युपत्र खरे असल्याचा कोर्टाचा दाखला. त्याची सक्ती १९२५ च्या वारसा कायद्याच्या कलम २१३ ने मुख्यतः मुंबई, कलकत्ता, मद्रास या शहरांपुरती होती. डिसेंबर २०२५ मध्ये ते कलमही रद्द झाले. तेव्हा सोनगीरकरांनी घाबरू नये.

नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला व ओळख पाहून बँक त्याला रक्कम देते. मात्र नॉमिनी मालक नव्हे, तो वारसांचा विश्वस्त. नॉमिनी नसेल पण तंटाही नसेल, तर रिझर्व्ह बँकेच्या २०२५ च्या निर्देशांप्रमाणे सहकारी बँकेत ५ लाख व व्यापारी बँकेत १५ लाखांपर्यंत कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. हमीपत्र, इतर वारसांची ना-हरकत, वारस दाखला किंवा प्रतिज्ञापत्र पुरते. कागद पुरे झाल्यावर १५ दिवसांत निकाल द्यायचा आहे. भावाभावांत वाद असला, तर मात्र कोर्टाचा हुकूम लागतोच.

आमचे सांगणे एवढेच: आजच पासबुक काढा, नॉमिनी लावलाय का पाहा. मागे राहिलेल्या बाईमाणसाला हेलपाटे नकोत.