कोल्हा, काडतूस आणि कायदा

अमळनेर, पारोळे, धरणगाव यांसारख्या गावांतून राहणाऱ्या पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांची शेती आसपासच्या खेड्यांत असते. घरची मंडळी नोकरीधंद्यासाठी शहरात, आणि शेत सालदाराच्या किंवा वाटेकऱ्याच्या स्वाधीन, अशी ही व्यवस्था आहे. हिवाळ्यात केव्हातरी सालदार निरोप घेऊन येतो की, कोल्ह्यांनी भुईमूग उकरला, मक्याची कणसे पाडली, शेळीचे करडू उचलून नेले. तेव्हा वाड्यातली बंदूक द्या, निदान चार काडतुसे तरी आणून द्या. मग घरात चर्चा सुरू होते ती काडतुसाची. छर्रा बारीक घ्यावा की जाड? किती अंतरावरून मारावे? हे प्रश्न वावगे नाहीत. परंतु ते पहिले प्रश्न नव्हेत. पहिला प्रश्न, समोर आलेले जनावर कोणते हा; दुसरा, त्याविषयी कायदा काय म्हणतो हा; आणि काडतुसाचा प्रश्न या दोहोंनंतर येतो. हा क्रम उलटा झाला म्हणजे भला गृहस्थ आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एखाद्या निरपराध माणसाच्या जिवावर बेतते. श्रोतेहो, याच क्रमाने आपण आज या विषयाचा विचार करू.

प्रथम जनावराची ओळख. इसापाच्या गोष्टी मराठीत आल्या तेव्हा त्यांतील धूर्त ‘फॉक्स’ कोल्हा होऊन आला, आणि तेव्हापासून आपल्या मनात दोन प्राण्यांची गल्लत होऊन बसली. खऱ्या फॉक्सला मराठीत खोकड म्हणतात. खोकड हे लहानखुरे जनावर आहे. वजन साधारण दोन ते चार किलो, कान मोठे व टोकदार, पाय सडपातळ, आणि झुबकेदार शेपटीचे टोक काळे, ही त्याची खूण होय. उघड्या माळरानावर अनेक तोंडांचे बीळ करून ते राहते. कोल्हा याच्या दुपटी-तिपटीने मोठा, सात ते अकरा किलोंचा असतो. तिन्हीसांजेला नदीकाठावरून जी सामुदायिक कुई ऐकू येते ती त्याची. खोकड असा सूर धरीत नाही. ते तुटक भुंकते. गोठ्यातील करडू गेले म्हणजे आळ बहुधा कोल्ह्यावर जातो. तथापि असली कृत्ये गावातील मोकाट कुत्रीही करतात, हे ध्यानात ठेवले पाहिजे. दोन ते चार किलोंचे खोकड वाढलेल्या शेळीला हात लावू शकत नाही, हे तर वजनावरूनच उघड आहे.

या दोघांच्या जमाखर्चाची वही नीट मांडली, तर खर्चाच्या बाजूला कोंबड्या, एखादे करडू, मक्याची कणसे, टरबुजे आणि भुईमूग येतात. हे नुकसान खरे आहे, आणि ते गरिबाला झोंबते. परंतु जमेच्या बाजूला उंदीर, घुशी आणि नाकतोडे यांचा रात्रंदिवस चाललेला फडशा आहे. खोकडाचा तर बहुतेक आहारच उंदीर, कीटक, वाळवी, बोरे यांवर चालतो. शिवाय मेलेले ढोर उघड्यावर पडले असता कोल्हा ते साफ करतो. उंदराची धाड गव्हावर आली की ती दिसत नाही. कोल्ह्याने मोडलेले कणीस मात्र सकाळी दिसते. म्हणून शेतकऱ्याचा राग एकाच बाजूस वळतो.

आता कायदा. घरातील वृद्ध मंडळी सांगतात की, कोल्हा मारण्यास बंदी नाही, तो उपद्रवी जनावरांत मोडतो. त्यांच्या सांगण्यास एके काळी आधार होता. १९७२ सालचा वन्यजीव संरक्षण कायदा झाला, तेव्हा त्याच्या उपद्रवी प्राण्यांच्या परिशिष्टात उंदीर व कावळा यांच्या पंक्तीस कोल्हा आणि खोकड हेही होते. पुढे ही दोन्ही नावे तेथून काढण्यात आली व त्यांना संरक्षण मिळाले. २०२२ साली कायद्यात मोठी दुरुस्ती झाली. ती १ एप्रिल २०२३ पासून अमलात आली. आता हे दोन्ही प्राणी पहिल्या परिशिष्टात आहेत, म्हणजे ज्या परिशिष्टात वाघ आहे त्यातच. पहिल्या परिशिष्टातील जनावर मारण्याची परवानगी देण्याचा अधिकार राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकास आहे. आणि तोही जनावर मनुष्याच्या जिवास धोकादायक झाले असेल, अथवा बरे न होण्याजोगे जखमी वा रोगी असेल, तरच. पिकाचे नुकसान हे या परिशिष्टापुरते कारण धरलेले नाही. यास्तव भुईमुगासाठी कोल्ह्यावर बार टाकण्याची कायदेशीर वाट आज कोणासही उपलब्ध नाही.

शिवाय कायद्यातील ‘शिकार’ या शब्दाचा अर्थ केवळ बंदुकीने मारणे एवढाच नाही. विष घालणे, फासा लावणे, सापळा मांडणे, आमिष ठेवणे, आणि यांपैकी कशाचा नुसता प्रयत्न करणे, हे सारे शिकारच होय. शिक्षा पहिल्या परिशिष्टाच्या बाबतीत किमान तीन वर्षे व कमाल सात वर्षे कैद, आणि वर किमान २५,००० रुपये दंड अशी आहे. गुन्हा ज्या हत्याराने झाला त्याचा परवाना न्यायालय रद्द करू शकते व पाच वर्षेपर्यंत नवा परवाना नाकारू शकते. प्राणरक्षणासाठी सद्भावनेने केलेली हत्या मात्र गुन्हा ठरत नाही. अंगावर आलेले जनावर मारणे आणि बांधावर दिसलेले जनावर मारणे यांतील भेद कायदा ओळखतो.

मग ‘फॉक्ससाठी काडतूस कोणते’ ही चर्चा इतकी कोठून येते? ती मुख्यत्वे इंग्लंड व ऑस्ट्रेलिया या देशांतून आलेली आहे. इंग्लंडात २००४ सालच्या कायद्याने कुत्र्यांच्या झुंडीने फॉक्सची शिकार करण्यास बंदी झाली, परंतु बंदुकीने मारण्यास मुभा राहिली. ऑस्ट्रेलियात तर हा प्राणी एकोणिसाव्या शतकात बाहेरून नेऊन सोडलेला आहे, आणि तेथील लहान देशी प्राण्यांचा त्याने फार नाश केला. तेथील तांबडा फॉक्स आपल्या खोकडाहून बराच मोठा, आणि तेथील कायदाही वेगळा. त्यांचे शिफारसपत्र खानदेशात लागू पडत नाही.

तरीही काडतुसाचे शास्त्र समजून घेणे उपयोगाचे आहे. कारण ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे, त्यांच्यात या बाबतीत मोठे गैरसमज असतात. बारा बोअर म्हणजे काय? नळीच्या व्यासाएवढ्या शिशाच्या गोल गोळ्या केल्या असता एका पौंडात बारा बसतात, म्हणून ती बारा बोअर; हा व्यास सुमारे साडेअठरा मिलिमीटर भरतो. काडतुसात साधारण ३२ ग्रॅम शिसे असते असे धरू. ते सहा नंबरच्या छर्ऱ्यांत विभागले तर सुमारे तीनशे छर्रे होतात, बी.बी. आकारात सुमारे ऐंशी, ए.ए.ए. आकारात चाळीसच्या आसपास, आणि एल.जी. आकारात अवघे सात. शिसे तेवढेच, वाटणी निराळी. बारीक छर्रे दाट पडतात पण खोल जात नाहीत. जाड छर्रे खोल जातात पण विरळ पडतात.

लोकांस वाटते की, जितका छर्रा जाड तितके काम पक्के. थोडे गणित करून पाहा. ३५ मीटर अंतरावर छर्रे एक मीटर व्यासाच्या वर्तुळात समान पसरले असे मानू. खोकडाचे अंग एका बाजूने पाहिले तर त्या वर्तुळाचा अकरावा-बारावा भाग व्यापते. एल.जी.चे सात छर्रे असता त्याच्या वाट्यास सरासरीने एकही पुरता येत नाही. जनावर एक तर सुटते, नाही तर पाय मोडून बिळात जाते आणि कुजून मरते. सहा नंबरचे पाचपंचवीस छर्रे लागतील, पण प्रत्येकाचे वजन ग्रॅमच्या दहाव्या भागाएवढे. तेही कातड्याखाली राहतात आणि जखम चिघळते. म्हणूनच परदेशी शिकारी ए.ए.ए. किंवा बी.बी. हा मधला आकार निवडतात, आणि ३५ मीटरपलीकडे बार टाकीत नाहीत. नळीचे तोंड किंचित आवळलेले, म्हणजे चोक असलेले असेल, तर छर्रे अधिक एकवटतात. परंतु जखमी करून सोडणे हा दोष कोणत्याही चोकने पूर्णपणे जात नाही.

दुसरी गोष्ट याहून गंभीर आहे. ज्या अंतरावर छर्रा मारक असतो आणि ज्या अंतरापर्यंत तो जातो, ही दोन अंतरे भिन्न आहेत. सहा नंबरचा छर्रा सुमारे दोनशे मीटर जातो, बी.बी. तीनशेच्या वर, आणि एल.जी.चा एखादा छर्रा सातशे मीटरपर्यंत पोहोचू शकतो. अमळनेरच्या आसपासची काळी जमीन सपाट. मागे टेकडी नाही की उंच बांध नाही. कापसाच्या रांगेत वेचणीला बसलेली बाई, रात्री पाण्याची पाळी धरण्यास गेलेला शेजारी, मळ्यातील झोपडीत निजलेली मुले, यांपैकी कोणीही त्या सातशे मीटरांत असू शकते. बॅटरीच्या झोतात चमकलेले दोन डोळे कोल्ह्याचे की वासराचे, याचा निर्णय घोडा ओढल्यानंतर होऊन उपयोग नाही.

पिकांसाठी शिकारीची परवानगी मिळू शकते ती रानडुक्कर व रोही यांच्या बाबतीत. हे दुसऱ्या परिशिष्टात येतात, आणि तेथे उभ्या पिकाचे नुकसान हे कारण कायद्याने मानलेले आहे. महाराष्ट्र शासनाने २०१५ साली यासाठी परवान्याची पद्धत घालून दिली. अर्ज वनखात्याकडे करावयाचा. परवाना हाती आल्यावाचून बार टाकावयाचा नाही. पंचनामा झालेला आहे, एवढ्यावर परवाना मिळाला असे समजू नये.

आता बंदुकीचा परवाना. १८७८ सालचा शस्त्र कायदा जाऊन १९५९ सालचा कायदा आला, व तो १ ऑक्टोबर १९६२ पासून लागू झाला. या कायद्यात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीचा स्वतंत्र उल्लेख आहे. २०१९ सालच्या दुरुस्तीने एका व्यक्तीस बाळगता येणाऱ्या बंदुकांची संख्या तीनवरून दोनवर आली, आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे झाली. परवाना हा व्यक्तीस असतो. घरास किंवा शेतास नसतो. ज्याचे नाव परवान्यात नाही अशा सालदाराच्या हाती बंदूक दिली, तर देणारा व घेणारा दोघेही अडचणीत येतात. आजोबा वारले व त्यांची बंदूक माळ्यावर राहिली, असे पुष्कळ वाड्यांत घडते. परवानाधारकाच्या मृत्यूबरोबर ती बंदूक घरात ठेवण्याचा अधिकार संपतो. ती विनाविलंब पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावी, आणि वारसास हवी असल्यास जिल्हाधिकाऱ्यांकडे रीतसर अर्ज करावा. जुनी नळी कापून आखूड करणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे. यावल व अनेर ही अभयारण्ये खानदेशातच आहेत. अभयारण्यात किंवा त्याच्या सीमेपासून दहा किलोमीटरांच्या आत राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव वनखात्याकडे नोंदविणे आवश्यक आहे.

मग सालदारास काय उत्तर द्यावे? त्याचे नुकसान खोटे नाही, तेव्हा नुसते ‘कायदा आहे’ असे सांगून त्याची बोळवण करणे अन्यायाचे होईल. शेळ्या-करडांसाठी रात्री वरून झाकलेला, बारीक जाळीचा कोंडवाडा बांधून द्यावा. जाळी एक वीत जमिनीत पुरावी, म्हणजे उकरून आत येता येत नाही. मेलेले ढोर व कोंबड्यांची घाण वस्तीजवळ टाकू नये. कोल्ह्यास पहिले आमंत्रण तेच असते. टरबुजाच्या वाडीस सौर कुंपणाचा सौम्य, तुटक झटका चालतो. खांबावरची वीज थेट तारेत सोडणे मात्र मनुष्यवधाची तयारी होय, आणि तसे मृत्यू झालेले आहेत. करडू गेले तर त्याच दिवशी वनरक्षकास कळवून पंचनामा करवावा. पाळीव जनावराच्या नुकसानभरपाईच्या सरकारी यादीत कोल्ह्याचे नाव आहे, ही गोष्ट फार थोड्यांस ठाऊक असते. हा कागद भरून देण्याचे काम शहरातील शिकलेल्या मालकाने करावे. चार काडतुसे आणून देण्यापेक्षा त्याचा उपयोग अधिक आहे.

एक सूचना आणखी. कोल्हा दिवसाढवळ्या वस्तीत शिरून, न भिता माणसांवर धावू लागला, तर तो पिसाळलेला असण्याचा संभव असतो. अशा वेळी मुलांना घरात घ्यावे व वनखात्यास कळवावे. चावा झाल्यास जखम साबण व वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी रुग्णालयात जाऊन लस घ्यावी. जखम खोल असेल तर लसीबरोबर प्रतिद्रव्याचे इंजेक्शनही लागते. झाडपाल्यावर विसंबून दिवस घालवू नयेत, कारण पिसाळ एकदा प्रकट झाल्यावर त्यावर उपाय चालत नाही.

सारांश, खोकडासाठी व कोल्ह्यासाठी योग्य काडतूस कोणते, या प्रश्नाचे आजच्या खानदेशातील उत्तर ‘कोणतेही नाही’ हेच आहे. ज्याच्या घरी बंदूक आहे त्याने ती परवान्याप्रमाणे, रिकामी व कुलपात ठेवावी, आणि सालदाराच्या हाती काडतुसांऐवजी जाळीची गुंडाळी व भरपाईचा अर्ज द्यावा. करडू त्यानेच वाचेल. आणि रात्री पाण्याची पाळी धरणारा शेजारीही निर्धास्तपणे घरी परत येईल.