चाच्यांची जहाजे, जादूची कांडी आणि आपली मुले

उन्हाळ्याची सुटी लागली की आपल्या वस्त्यांतून एक तक्रार हमखास कानी येते. "पोरगी दिवसभर मोबाईलमध्ये डोके खुपसून कादंबऱ्या वाचते. त्यात काय, तर समुद्रातले चाचे, जादू आणि प्रेमप्रकरणे! आम्ही बावीस प्रतिज्ञा घेतलेली माणसे. आमच्या घरात हे थोतांड कशाला?" दिवसभराची कारकुनी आटोपून आम्ही संध्याकाळी विहारातल्या पुस्तकांचे कपाट उघडून बसतो. तेव्हा असे बोलणारे आईबाप आमच्यासमोरही येऊन उभे राहतात. त्यांची काळजी खोटी नाही. पोटाला चिमटा घेऊन मुलांना शिकविणाऱ्या माणसाला मुले काय वाचतात हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. मात्र पुस्तक हातातून हिसकावून घेण्यापूर्वी त्यात काय आहे हे पाहणेही आपले कर्तव्य आहे. म्हणून हा लेखनप्रपंच.

चाचा कोणाला म्हणायचे?

समुद्रचाच्यांच्या कथांची आजची धाटणी पडली ती रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन या लेखकाच्या 'ट्रेझर आयलंड'मुळे. ही कादंबरी १८८३ साली पुस्तकरूपाने आली. पुरलेला खजिना, त्याचा नकाशा, एका पायाचा चाचा आणि त्या सर्वांत सापडलेला एक मुलगा, असा तो मामला. आज त्यात जादूची आणि प्रेमकथेची भर पडली आहे आणि मुख्य म्हणजे मुलाच्या जागी मुलगी आली आहे. ट्रिशिया लेव्हनसेलर या अमेरिकन लेखिकेच्या 'डॉटर ऑफ द पायरेट किंग' (२०१७) या कादंबरीची नायिका अलोसा सतरा वर्षांची आहे. ती शत्रूच्या जहाजावर मुद्दाम कैद होते, कारण तिला तिथे दडविलेला नकाशा शोधायचा आहे. ती रडत बसत नाही, कोणी सोडवायला येईल म्हणून वाट पाहत नाही, स्वतःच्या अकलेवर जगते. आपल्या मुली हे पुस्तक का वाचतात, याचे उत्तर येथेच मिळते.

पण 'चाचा' हा शब्द आपण जरा तपासून घेतला पाहिजे. कोकणच्या किनाऱ्यावर परवाना घेतल्याशिवाय कोणाचे जहाज फिरू न देणाऱ्या सरखेल कान्होजी आंग्रे यांना इंग्रजांनी आपल्या कागदपत्रांत चाचा म्हटले. मराठी माणसाच्या लेखी ते आरमाराचे प्रमुख. मनोहर माळगावकरांनी त्यांच्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि ते पु. ल. देशपांडे यांनी मराठीत आणले. म्हणजे चोर कोण आणि शूर कोण, हे दप्तर कोणाच्या हाती आहे त्यावर ठरते. ही गोष्ट आपल्या समाजाला कोणी शिकवायला नको. १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरविल्या आणि तो शिक्का पुसायला स्वतंत्र भारतात १९५२ साल उजाडावे लागले. आपल्या जिल्ह्यातल्या पारधी बांधवांना त्याची झळ अजून सोसावी लागते.

अण्णा भाऊ साठे यांची 'फकिरा' ही कादंबरी याच दृष्टीने वाचावी. ती १९५९ साली आली, अण्णा भाऊंनी ती बाबासाहेबांच्या लेखणीला अर्पण केली आणि १९६१ साली तिला राज्य सरकारचा पुरस्कार मिळाला. भुकेल्या माणसांसाठी इंग्रजांचा खजिना लुटणारा फकिरा सरकारदप्तरी दरोडेखोर होता, वारणेच्या खोऱ्यात मात्र तो नायक होता. ज्या मुलाला जहाजावरचा चाचा आवडतो, त्याच्या हाती त्याच आठवड्यात 'फकिरा' द्यावा. त्याला तो परका वाटणार नाही.

जादूचे काय करायचे?

आता मुख्य आक्षेपाकडे वळू. जादूच्या गोष्टी वाचून मुले अंधश्रद्ध होतील का? येथे दोन प्रकारच्या जादूंत फरक केला पाहिजे. पुस्तकातली जादू पुस्तक मिटले की संपते. ती कोणाकडे कोंबडे मागत नाही, लिंबू-मिरच्यांचे पैसे घेत नाही, आजारी बाळाला दवाखान्यात नेण्याऐवजी देवऋषीकडे नेत नाही. भोंदूबाबाची जादू मात्र 'हे खरे आहे' असे सांगते आणि गरिबाचा खिसा कापते. तिच्याविरुद्ध लढता लढता डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात हत्या झाली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा आला. गोष्ट ही गोष्ट आहे, हे ज्या मुलाला कळते त्याला बाबाची थापही लवकर ओळखता येते.

तथागतांची भूमिकाही लक्षात घ्यावी. केवट्ट सुत्तात एक गृहस्थ विनंती करतो की भिक्खूंनी चमत्कार करून दाखवावेत, म्हणजे लोकांची श्रद्धा वाढेल. भगवंतांनी ती मानली नाही. माणसाला योग्य शिकवण देऊन त्याच्यात बदल घडविणे, हाच त्यांनी खरा चमत्कार मानला. पिंडोल भारद्वाजाने चंदनाचे पात्र मिळविण्यासाठी सिद्धीचे प्रदर्शन केले, तेव्हा भगवंतांनी त्याला दोष दिला आणि भिक्खूंना असे प्रदर्शन करण्यास मनाई केली. मग त्याच परंपरेने जातककथांत उडते घोडे आणि समुद्रदेवता कशा येऊ दिल्या? कारण त्या कथा श्रद्धा विकायला सांगितलेल्या नव्हत्या, शील समजावून द्यायला सांगितलेल्या होत्या.

आपल्याच घरातली साहसकथा

या जातककथा आजच्या कोणत्याही साहसकादंबरीला हार जाणार नाहीत. सुप्पारक जातक घ्या. भरुकच्छ म्हणजे आजचे भडोच. तेथे नावाड्यांच्या प्रमुखाच्या घरी बोधिसत्त्व जन्मले. खाऱ्या पाण्याने त्यांचे डोळे गेले. पुढे ते राजाकडे मालाची पारख करण्याच्या कामावर राहिले. पारख अचूक, पण प्रत्येक वेळी हातावर पडायची फक्त आठ नाणी. कारखान्यात घाम गाळणाऱ्या आमच्या वाचकाला हा अनुभव नवा नसावा! ती नोकरी सोडून ते घरी आले. मग सातशे व्यापारी त्यांच्याकडे आले आणि या आंधळ्या माणसाच्या हाती त्यांनी आपले जहाज सोपविले. जहाज वादळाने भरकटले. चार महिने ते अनोळखी समुद्रांतून फिरत राहिले. कुठे वस्तऱ्यासारख्या नाकाचे मासे, कुठे आगीसारखे झगमगणारे पाणी. कोणत्या समुद्राच्या तळाशी हिरे आहेत, कुठे सोने, कुठे पोवळे, हे हा आंधळा कप्तान ओळखत होता. पण व्यापाऱ्यांना हाव सुटून जहाज बुडू नये, म्हणून तो ते मुकाट्याने वर काढवून घेत होता. शेवटी जहाज अक्राळविक्राळ भोवऱ्याच्या तोंडाशी आले. तेव्हा त्याने मंत्र म्हटला नाही की नवस केला नाही. 'समजू लागल्यापासून मी जाणूनबुजून एकाही जीवाला इजा केलेली नाही' या सत्याचा उच्चार केला आणि जहाज सुखरूप परतले. येथे जादू आहे, पण तिची किंमत शीलाने चुकवावी लागते.

महाजनक जातकात जहाज फुटल्यावर नायक सात दिवस समुद्रात पोहत राहतो. किनारा दिसत नाही. मणिमेखला देवी विचारते, मग हातपाय कशाला मारतोस? तो सांगतो की प्रयत्न करणाऱ्याला दोष लागत नाही. वलाहस्स जातकात तर आजच्या कादंबऱ्यांतले सगळेच आहे. जहाज फुटून पाचशे व्यापारी बेटावर लागतात, सुंदर स्त्रियांच्या रूपातल्या यक्षिणी त्यांच्याशी संसार थाटतात आणि उडता घोडा सुटकेला येतो. अडीचशे निघतात, अडीचशे रूपाला भुलून मागे राहतात आणि प्राणास मुकतात.

या कथा बघायला लांब जायला नको. नगरहून एका दिवसात जाऊन येता येईल अशा अजिंठ्यात त्या भिंतींवर आहेत. लेणे क्रमांक १ मध्ये महाजनक आहे. लेणे क्रमांक १७ मध्ये सिंहल व्यापारी, राक्षसिणींचे बेट आणि तो घोडा आहे. लेणे क्रमांक २ मध्ये पूर्ण याच्या कथेतले जहाज आहे. हा पूर्ण सोपाऱ्याचा. आजचे नालासोपारा म्हणजेच ते बंदर. तेथे अशोकाचा शिलालेख सापडला आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजी यांनी स्तूप उत्खनन करून उजेडात आणला. आपले पूर्वज केवळ विहिरीपासून हाकलले गेलेले लोक नव्हते. त्यांच्या धम्माने समुद्र ओलांडला होता. हे मुलांना कोणी सांगायचे?

नगरच्या मातीतला नायक

आणखी एक कथा आपल्या जिल्ह्याची आहे आणि ती शंभर टक्के इतिहास आहे. सुमारे १५४८ साली इथिओपियात एक मुलगा जन्मला. लहानपणीच तो गुलाम म्हणून विकला गेला. एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला जात, समुद्र ओलांडून तो दख्खनमध्ये आला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगीझखान याने त्याला विकत घेतले. हा चंगीझखानही हबशी होता आणि एकेकाळचा गुलामच. मालकाच्या मृत्यूनंतर तो मुलगा मुक्त झाला. पुढे १६०० साली चांदबिबी मारली गेली आणि नगरचा किल्ला मोगलांच्या हाती पडला, तेव्हा मोडलेले राज्य पुन्हा उभे केले ते याच माणसाने. त्याचे नाव मलिक अंबर. १६१० साली त्याने खडकी ही राजधानी वसविली. तेच आजचे छत्रपती संभाजीनगर. १६२४ साली नगरजवळच्या भातवडीला त्याने तलाव फोडून शत्रूची वाट चिखलात बुडविली आणि मोगल व आदिलशाहीच्या संयुक्त फौजेला धूळ चारली. त्या लढाईत शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले. १६२६ साली तो वारला.

गुलाम, काळा, परका आणि तरीही राज्याचा कर्ता. एवढी सामग्री दाराशी असताना आमच्या मुलांसाठी यावर जाड, रंगीत, रात्रभर जागवणारी कादंबरी आम्हाला तरी विहाराच्या कपाटात दिसत नाही. मराठीत अद्भुतरम्य कादंबऱ्यांची परंपरा जुनी आहे. रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची, नंतर नाथमाधवांचे 'वीरधवल'. पण त्यांतले नायक राजघराण्यातले. आपल्या लेखकांनी आत्मकथने दिली. याच जिल्ह्यातल्या धामणगावचे दया पवार यांनी 'बलुतं' (१९७८) लिहून मराठी साहित्याला हादरा दिला. ते ऋण फिटणारे नाही. पण चौदा वर्षांच्या मुलीला दुःखाची नोंद जशी लागते, तसे जिंकण्याचे स्वप्नही लागते. ते आपण दिले नाही, तर ती ते दुसऱ्यांच्या कपाटातून घेणार.

दुसऱ्यांच्या कपाटातही आपली माणसे आहेत, हेही सांगायला हवे. टोमी अडेयेमी या नायजेरियन वंशाच्या अमेरिकन तरुणीची 'चिल्ड्रन ऑफ ब्लड अँड बोन' ही कादंबरी २०१८ साली आली. तिची नायिका झेली अशा जमातीची आहे जिची जादू राजाने हिरावून घेतली, जिच्या आईला मारले, जिच्यावर कर लादले आणि जिला शिवीने हाक मारली जाते. अमेरिकेत पोलिसांच्या गोळ्यांनी मरणाऱ्या काळ्या लोकांच्या वेदनेतून हे पुस्तक लिहिले, असे लेखिकेनेच सांगितले आहे. आपल्या मुलीला ते समजावून द्यावे लागत नाही. हॅरी पॉटरच्या पुस्तकांतले खलनायक शुद्ध रक्ताच्या गोष्टी करतात, तेव्हा ते कशाबद्दल बोलत आहेत हे आपल्या वस्तीतल्या मुलांना इतरांपेक्षा आधी कळते.

प्रेमकथेची भीती

राहिला प्रेमाचा प्रश्न. खरी भीती येथेच आहे आणि ती उगाच नाही. या कादंबऱ्यांत चाच्याचा पोर सरदाराच्या मुलीवर प्रेम करतो आणि शेवट गोड होतो. आपल्या जिल्ह्यात काय होते? १ जानेवारी २०१३ रोजी सोनईला तीन तरुणांना ठार मारले गेले. २८ एप्रिल २०१४ रोजी जामखेड तालुक्यातल्या खर्ड्याला सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याचा जीव घेतला गेला. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच संशय. साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ साली आरोपी निर्दोष सुटले. हे ज्यांनी पाहिले त्या आईबापांनी प्रेमाचे पुस्तक पाहून दचकू नये, असे आम्ही कोणत्या तोंडाने म्हणावे?

तरीही आम्ही म्हणतो, पुस्तक काढून घेऊ नका. बाबासाहेबांनी १९३६ साली 'जातिभेद निर्मूलन' या ग्रंथात आंतरजातीय विवाह हाच जात मोडण्याचा खरा उपाय सांगितला. तो विचार आपण भाषणात मांडायचा आणि घरात पुस्तकाला कुलूप लावायचे, हे जमणार नाही. खर्ड्याच्या मुलाला पुस्तकाने मारले नाही, जातीने मारले. पुस्तक लपविले तर मुलगी वाचायची थांबणार नाही, आपल्याशी बोलायची तेवढी थांबेल. आणि ज्या दिवशी तिला आपली गरज पडेल, त्या दिवशी ती आपल्याकडे येणार नाही. ही हानी कोणत्याही कादंबरीहून मोठी आहे.

घरात काय करावे?

मुलाने वाचलेले पुस्तक आठवड्यातून एकदा जेवताना त्याच्याकडून ऐकावे. या गोष्टीत राज्य कोणाचे, राबते कोण, मुलीचे कोणी ऐकते का, एवढे तीन प्रश्न विचारावेत. वाचता न येणाऱ्या आईलाही हे जमते. उलट तिच्या प्रश्नांना जास्त धार असते. गोष्टीत जादू आली तर 'हे खरे का?' असे हसत विचारावे. एका परक्या कादंबरीमागे एक आपले पुस्तक द्यावे, मग ते जातक असो, 'फकिरा' असो वा बाबासाहेबांचे चरित्र. सुटीत एक दिवस भातवडी, एक दिवस अजिंठा करावा. आणि ज्यांच्या हाती लेखणी आहे त्यांनी आंधळ्या सुप्पारकाची, मलिक अंबराची कथा आजच्या मुलांच्या भाषेत लिहायला घ्यावी.

१९१७ साली बाबासाहेब परदेशातून परतले, तेव्हा त्यांची पुस्तके ज्या जहाजात होती ते जहाज महायुद्धात शत्रूने बुडविले. समुद्राने ती पुस्तके नेली. बाबासाहेबांनी हात चोळीत न बसता पुन्हा जमवायला सुरुवात केली आणि पुढे खास पुस्तकांसाठी जागा ठेवून 'राजगृह' बांधले. त्या माणसाची लेकरे आहोत आपण. आपल्या घरातून पुस्तके बाहेर जाता कामा नयेत, ती आत आली पाहिजेत.

जयभीम!