बँकेचा व्हॅल्युअर येऊन गेला, तरीही
बँकेने कर्ज मंजूर केलं म्हणजे घर तपासून झालं, असा समज सर्रास आढळतो. बँकेचा माणूस येतो तो मूल्यांकनासाठी (तारण म्हणून घराची किंमत ठरवण्यासाठी). सिंकखालची ओल शोधणं त्याचं काम नाही. भोगवटा प्रमाणपत्र (इमारत वापरण्याची अधिकृत परवानगी) असलं, तरी तुमच्या बाथरूमचा उतार त्यात कुणी पाहिलेला नसतो.

गृहतपासणी म्हणजे खरेदीदाराने स्वतः फी देऊन नेमलेल्या सिव्हिल इंजिनिअरची पाहणी. जुनी स्कूटर घेताना आपण आपला मेकॅनिक नेतो, विकणाऱ्याचा नाही, तसंच हे. हा इंजिनिअर फरशीवर टकटक करत जातो. आवाज पोकळ आला, तर खाली माल नीट भरलेला नाही. बाथरूममध्ये बादलीभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की कोपऱ्यात साचतं, तेही पाहतो. अर्थिंगही तपासतो. ‘नुकताच रंग दिलाय’ असं कुणी कौतुकाने सांगितलं, की ती भिंत जरा जास्तच निरखावी.

जुन्या घराची तपासणी विसार देण्याआधी, नव्याची ताबा घेण्याआधी करावी आणि अहवाल फोटोंसह लेखी घ्यावा. नव्या घरासाठी रेरा कायद्यानुसार (स्थावर मालमत्ता नियमनाचा कायदा) ताब्यापासून ५ वर्षांत बांधकामातला दोष कळवल्यास बिल्डरने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करून द्यायचा असतो.