शून्य लावा, मग बोला

लोणावळ्यातल्या जुन्या हॉटेलांत काउंटरखाली नाहीतर जिन्याखाली एक पेटी टांगलेली असते : ईपीएबीएक्स, हॉटेलचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज. खोल्यांच्या तारा एका बाजूला, एक्स्चेंजच्या लाइनी दुसऱ्या बाजूला. या बाहेरच्या लाइनी म्हणजे ट्रंक. त्यांचं सेटिंग मालकापेक्षा दिल्लीच्या हुकमाने जास्त वेळा बदललं.

आधी सगळं सोपं होतं. ट्रंक कॉल नोंदवायचा, ऑर्डिनरी, अर्जंट की लाइटनिंग ते सांगायचं आणि वाट पाहायची. ऑपरेटरशिवाय थेट परगावी फोन लावायची सोय, म्हणजे एसटीडी, 1960 साली कानपूर-लखनौ मार्गावर सुरू झाली, पण लहान गावांत ती रुळायला पुढची काही दशकं गेली. ती आली आणि मालकांची झोप उडाली. पाहुणा खोलीतून थेट कलकत्ता लावणार, बिल हॉटेलच्या नावावर! मग कुलूप आलं. पहिल्या शून्याने बाहेरची लाइन मिळायची. लगेच दुसरं, म्हणजे एसटीडीचं, शून्य दाबलं की एंगेज टोन.

ज्यांना एसटीडी खुली असे, त्यांच्या बिलाची वेगळीच गंमत. पलीकडच्याने फोन उचलला की लाइनचे धन-ऋण उलटायचे आणि पेटीतलं ट्रंक कार्ड ते ओळखून मीटर सुरू करायचं. एक्स्चेंजने ही सोय त्या लाइनवर दिली नसेल, तर यंत्र ठरावीक सेकंदांनंतर अंदाजानेच मोजू लागे. नुसती घंटा वाजली, तरी पैसे. चेक-आउटच्या वेळी काउंटरवर आवाज चढायचे ते यावरून.

नव्या शतकाच्या सुरुवातीला राज्यातल्या कॉलसाठी शून्याऐवजी 95 आलं : मुंबई 9522, पुणे 9520. लोणावळ्याचा पाहुणा मुख्यतः याच दोन शहरांतला, त्यामुळे शून्यावरचं कुलूप त्याच्यापुरतं निकामी. पेटीपेटीतले तक्ते नव्याने लिहिले. पुढे 95 गेलं, शून्य परतलं, तक्ते पुन्हा बदलले. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाइल लावायलाही आधी शून्य सक्तीचं झालं. ज्या एक्स्टेन्शनवर जुनं कुलूप तसंच होतं, तिथून मोबाइलच लागेना. ‘लाइन डेड आहे’ अशा तक्रारी; लाइन ठणठणीत, अडलं होतं ते कुलूप.

पावसाळ्यातल्या विजेने जळालेल्या ट्रंक कार्डांची गोष्ट वेगळीच सांगावी लागेल. पुढे मोठ्या हॉटेलांनी पीआरआय ही डिजिटल ट्रंक घेतली, एका लाइनवर तीस कॉल. आता फायबरवरून, राउटरमधून चालणारी सिप ट्रंक आहे : जमिनीतून येणारी तांब्याची जोडी नाही, विजेची धास्तीही कमी. पण तांब्याच्या लाइनला एक्स्चेंजच्या बॅटरीचे 48 व्होल्ट मिळत. वीज गेली, तरी पेटी पहिली ट्रंक थेट एका ठरावीक एक्स्टेन्शनला जोडून द्यायची आणि निदान एक फोन चालू राहायचा. सिपमध्ये राउटर बंद, की सगळं बंद. नवी जोडणी करताना पेटीसोबत राउटर आणि फायबरचा डबाही यूपीएसवर घ्या; घाटातल्या पावसात वीज सांगून जात नाही.