कुणीही न छेडलेला गंधार

वऱ्हाडातल्या शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची मूर्ती खाली न टेकता अधांतरी विराजमान आहे, अशी भाविकांची श्रद्धा. ध्रुपद गायकीतला आलाप ऐकताना मला ती मूर्ती हटकून आठवते. ताल सुरू झालेला नसतो, कवितेचे शब्द नसतात, पेटी तर नसतेच. मागे तानपुरे झंकारत असतात आणि गवई एका षड्जावर स्थिर उभा असतो.

त्याला आधार कशाचा? तानपुऱ्याचा, आणि इथेच पहिलं नवल आहे. तानपुऱ्याच्या तारा षड्ज-पंचमाला लावलेल्या असतात, गंधाराची तार कुठेच नसते. तरीही घोडीवरची जवारी नीट उघडलेल्या खर्जाच्या तारेतून गंधार ऐकू येतो. तार सबंध हलते तशी तिचे दोन, तीन, चार, पाच भाग होऊनही ती हलते, आणि पाच भागांच्या कंपनातून हा गंधार उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. पेटीच्या दोन लगतच्या पट्ट्यांमधल्या अंतराचे शंभर भाग केले, तर पेटीचा गंधार याच्यापेक्षा सुमारे 14 भाग चढा भरतो. एवढासा फरक! पण ध्रुपद गाणाऱ्याचं आयुष्य याच फरकात जातं.

स्वरांमधले असे बारीक फरक ओळखण्याची ही विद्या जुनी आहे. तेराव्या शतकात वऱ्हाडावर देवगिरीच्या यादवांची सत्ता होती. राजा सिंघणाच्या दरबारात हिशेबखातं सांभाळणाऱ्या शार्ङ्गदेवाने 'संगीतरत्नाकर' हा ग्रंथ लिहिला. सप्तकातल्या बावीस श्रुती, म्हणजे बारीक स्वरांतरं, कानाला पटाव्यात म्हणून त्याने बावीस-बावीस तारांच्या दोन वीणा घ्यायला सांगितल्या: एक स्थिर, दुसरी उतरवत न्यायची. रागांचे आलापही त्याने स्वराक्षरांत लिहून ठेवले. ते आज वाचता येतात, पण तेव्हाच्यासारखे गाता येत नाहीत. दोन स्वरांमधला प्रवास कागदावर उतरत नाही. युरोपात प्राचीन संगीत गाणारे कलावंत हस्तलिखितांवरून तुटलेली परंपरा पुन्हा उभी करतात. आपल्याकडे प्रबंध या जुन्या गीतप्रकारातून पुढे घडत आलेलं ध्रुपद गळ्यातून गळ्यात आलं.

म्हणूनच ध्रुपद गाणाऱ्याची कारकीर्द मैफलीने सुरू होत नाही, गुरूच्या घरात सुरू होते. पंडित उदय भवाळकर यांचंच पाहा. जन्म 1966चा, उज्जैनच्या मराठी घरातला. पंधराव्या वर्षाच्या सुमारास ते भोपाळच्या ध्रुपद केंद्रात उस्ताद झिया फरीदुद्दीन डागर यांच्याकडे शिकायला गेले. पुढे पनवेलजवळच्या पळस्पे इथल्या गुरुकुलात फरीदुद्दीन यांचे थोरले बंधू, रुद्रवीणावादक उस्ताद झिया मोहिउद्दीन डागर, यांचीही तालीम त्यांना मिळाली. म्हणजे वीणेची मींड, दोन स्वरांमधला तो अखंड प्रवास, गळ्यात आली. या तालमीत पहाटे उठून खर्ज भरायचा, सावकाश, रोज. 'री, रे, ना, नोम, तोम' एवढ्याच अक्षरांवर तासभर राग उलगडता येणं ही वर्षानुवर्षांच्या खर्जाची कमाई आहे. आज भवाळकर पुण्यात राहून हेच शिष्यांना देतात. वेगाच्या तानांना टाळ्या पडतात हे खरं, पण एका स्वरावर न डगमगता थांबणं मला त्याहून अवघड वाटतं.

आलाप संपला की चौतालाच्या बारा मात्रांत बंदिश येते, आणि सोबत पखवाज. हा पखवाज आपल्या गावाला परका नाही. हरिनाम सप्ताहातला मृदंग तो हाच. डाव्या तोंडाला ओली कणीक लावल्याशिवाय त्याचा घुमारा उतरत नाही, आणि वाजवून झालं की ती खरवडून काढायची. येत्या सप्ताहात मृदंगी वाद्य लावत असेल तेव्हा जवळ जाऊन बसा. कणकेचा थोडासा गोळा वाढला की नाद कसा खाली येतो ते ऐका. मग घरी जाऊन भवाळकरांचा एखादा आलाप लावा, आणि पहिली वीस मिनिटं मध्ये उठू नका.